हिराजीदादांचं पथ्यपाणी

हिराजीदादांचा डबा उघडला की आमच्या कँटीनमधलं बोलणं थोडा वेळ थांबायचं. पडघ्याच्या अलीकडे हायवेला लागून गोदामांची जी रांग आहे, त्यातल्या एका गोदामात मी बिलिंगला होते आणि ते लोडिंगचे सुपरवायझर. उंचेपुरे, पोट थोडं सुटलेलं, मिशा नीट कातरलेल्या. दिघाशी गावाहून मोटारसायकलवर यायचे. डबा कधी हँडलला अडकवायचे नाहीत, पुढ्यात टाकीवर ठेवून गुडघ्यांनी धरून आणायचे. कालवण हिंदकळलं तर जेवणाची मजा जाते, असं त्यांचं म्हणणं.

डब्यात खालच्या पुडात भात, त्यावर तांदळाची भाकरी, मग मासळीचं नाहीतर कोंबडीचं कालवण आणि सगळ्यात वरच्या लहान पुडात काहीतरी भाजलेलं. ते आधी झाकण उचलून वास घ्यायचे आणि मग हात धुवायला जायचे. एकदा मी विचारलं, "दादा, हे उलटं का?"

"अगं बाय, पोटाला आधी कळवायला नको? न सांगता पाव्हणा आला की घर पण गडबडतं."

खाण्यावरून त्यांचं कुणाशीही पटकन जमायचं. माल उतरवणारी मुलं बहुतेक यूपी-बिहारची. त्यांच्यातल्या कुणाला ताप आला की दादा डॉकवर उभे राहून ओरडायचे, "मूँग का पानी पी, और दो दिन परांठा बंद." कुणाकडे बाळ झालं की मुशी माशाचं कालवण द्यायला सांगायचे, दूध येतं म्हणून. शेवगा, कुळीथ, हळद, खेकडा, प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे काही ना काही खायचं होतं. "खाल्लेलं बोलतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एखादा ड्रायव्हर विनाकारण चिडला तर ते हळूच मला म्हणायचे, "सकाळपासून वडापाववर हाय तो. बघ, बोलतंय."

मी भिवंडीत धामणकर नाक्याजवळ राहायला आले तेव्हा मासळी कशी घ्यायची हे त्यांनीच मला शिकवलं. एका रविवारी बायकोचं काहीतरी औषध घ्यायला नाक्यावर आले होते, तर मला हाक मारून बाजारात घेऊन गेले. कोळणीने पापलेट पुढे केलं. दादांनी कल्ला वर करून बघितला आणि म्हणाले, "मावशी, हे बिचारं काल पण हितंच बसलं होतं." मावशी तोंडाला येईल ते बोलली. दादा शांतपणे हसत उभे राहिले. तिचं बोलणं संपल्यावर तिने बर्फाखालून वेगळी पाटी काढली. "हां, आता ओळख झाली," दादा म्हणाले.

असा हा माणूस, आणि त्यांची बायको मांसमच्छीला शिवत नव्हती.

द्वारकावहिनींना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या गावच्या जत्रेला. दादांनी ऑफिसातल्या आम्हा दोघी-तिघींना जेवायला बोलावलं होतं. मागच्या पडवीत ते स्वतः चुलीवर मटण करत होते आणि वहिनी पुढे ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. लहानखुऱ्या, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं कमी. मध्येच त्यांनी मान न वळवता आवाज दिला, "मीठ कमी हाय वं."

दादांनी मागून विचारलं, "चव घेतलीस काय?"

"वास येतोय ना."

दादांनी मीठ टाकलं. आम्ही जेवलो तेव्हा ते बरोबर झालेलं होतं. मग दादांनीच सांगितलं. त्यांची मुलगी मनीषा लहान असताना ताप तिच्या डोक्यात गेला होता. ठाण्याच्या हॉस्पिटलात ती बेशुद्ध पडून होती आणि डॉक्टर काही बोलत नव्हते. तेव्हा वहिनींनी गावदेवीला शब्द दिला, पोर उठून बसली तर मी जन्मभर मच्छी-मटण तोंडाला लावणार नाही. अंडंसुद्धा नाही. मनीषा उठून बसली, शिकली, लग्न होऊन कल्याणला गेली. तेव्हापासून या घरात दोन चुली होत्या. पण वहिनींनी नवऱ्याला कधी नाक मुरडलं नाही. त्याच्या भाकऱ्या त्याच करायच्या, डबा त्याच भरायच्या. फक्त वरचं लहान पूड दादा स्वतः भरायचे.

वहिनींना साखर बरीच वर्षं होती. एका पावसाळ्यानंतर त्यांचे पाय सुजले ते उतरेनात. तपासण्या झाल्या. किडन्या थकल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादा दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते जरा धीराने. "नशीब बाय, ती शाकाहारी हाय. डॉक्टर बोलले, प्रोटीन कमी करायचं, मटण-मच्छी बंद. आमच्याकडं ते आधीच बंद."

पण पथ्य तेवढ्यावर थांबणारं नव्हतं. डाळ मोजून खायची, पालेभाजी उकळून तिचं पाणी टाकून द्यायचं, केळं नको, टोमॅटो कमी, मीठ जवळजवळ नाहीच. जी बाई वरण-भातावर जगत आली, तिच्या ताटातून वरणच निघालं. दादा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. "बाय, तू शिकलेली हायस. मोबाइलवर बघ ना, तुरीची डाळ किडनीला चांगली की वाईट?"

मी बघायचे. एका ठिकाणी लिहिलेलं असायचं, डाळींचं प्रोटीन मांसापेक्षा सौम्य असतं, किडनीला बरं. दुसरीकडे लिहिलेलं असायचं, डाळी टाळा. मी म्हटलं, "दादा, दोन्ही लिहिलंय."

"दोन्ही कसं? किडनी तर एकच हाय."

उत्तरं बाकी सगळ्यांकडे होती. आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा मेव्हणा म्हणे सगळं शिजवलेलं सोडून बरा झाला होता. गेटवरचा वॉचमन बकरे के पाये का सूप सांगायचा, हड्डीला हड्डी आणि मांसाला मांस. हे सगळं सांगणाऱ्यांत काळजी होती, म्हणून दादा प्रत्येकाचं मान खाली घालून ऐकून घ्यायचे. ज्या माणसाकडे आम्ही सगळे खाण्याचं विचारायला जायचो, तो आता वॉचमनला विचारत होता, "पक्का ना? किसको फरक पड़ा?"

मनीषाने सगळ्यात जास्त मनावर घेतलं. ती मोबाइलवर एका माणसाचे व्हिडिओ बघायची. तो सांगायचा, शरीर बिघडतं ते दूध, अंडी, मांस यांनी. नुसत्या झाडापासून आलेल्या अन्नाने सगळे आजार बरे होतात. आईचं अर्धं काम आधीच झालंय, आता दूध सोडायचं आणि हिरवा रस सुरू करायचा, असं तिने ठरवलं. ती महिनाभराची सुट्टी काढून दिघाशीला आली. रोज सकाळी पालक, दुधी, आवळा वाटून गाळायची. दुपारी शहाळं. दादांनी एकदा म्हटलं, "डॉक्टर शहाळ्याला नको बोलले होते." तर मनीषा म्हणाली, "बाबा, डॉक्टर औषधं विकतात. नारळ काय विकतो?" पहिले काही दिवस वहिनींना हुशारी वाटली. त्या हसून रस प्यायच्या. लेक करते म्हटल्यावर त्यांनी काहीही प्यायलं असतं.

मग एका सकाळी त्या न्हाणीच्या दारात बसल्या आणि त्यांना उठताच येईना. छातीत भलतंच धडधडत होतं. भिवंडीच्या हॉस्पिटलात नेलं. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलंय, हृदय बंद पडलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. काय काय देत होता, हे त्यांनी विचारलं. मनीषाने एकेक सांगितलं आणि ती बाहेर येऊन जिन्यात बसून राहिली. मी तिथेच होते. दादा तिच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चहा घेतेस?"

त्या आजारातूनच डायलिसिस सुरू झालं. आठवड्यात ठरलेल्या दिवशी सकाळी दादा वहिनींना रिक्षाने सेंटरवर न्यायचे आणि दुपारच्या शिफ्टला कामावर यायचे. तिथे आहार सांगणारी एक तरुण मुलगी होती. दादा मला म्हणाले, "तू चल एकदा. तिचं मला निम्मंच कळतं."

आम्ही तिच्यासमोर बसलो. मुलगी चांगली होती, घाई न करणारी. तिने रिपोर्ट बघितले आणि म्हणाली, "काका, आता काकूंना प्रोटीन वाढवायला हवं. अंड्याचा पांढरा भाग रोज. मासे, चिकन चालेल."

दादा तिच्याकडे बघत राहिले. "बाय, चूक होतेय तुझी. तिला डाळ पण बंद हाय."

"ते आधी, काका. आधी किडनीवर भार नको म्हणून कमी करायचं होतं. आता मशीनवर रक्त साफ होताना प्रोटीन पण निघून जातं. ते भरून नाही काढलं तर अंगावरचं मांस उतरतं, इन्फेक्शन होतं."

"म्हणजे गेल्या महिन्यात जे विष होतं, ते या महिन्यात औषध?"

"तसंच समजा."

"आणि जी खातच न्हाय ती?"

तिने सांगितलं, पनीर थोडं, सोयाबीन थोडं, एक पावडर मिळते ती पाण्यात. पण पनीर-सोयाबीन वाढलं की दुसरं काहीतरी रक्तात वाढतं, म्हणून जपून. अंड्यासारखं सोपं काही नाही. बाहेर पडताना दादांनी रिक्षा थांबवली, बसले, आणि बराच वेळ कुठे जायचं ते सांगेनात. शेवटी मीच सांगितलं.

पावडर वहिनींच्या पोटात ठरेना, उलटी व्हायची. पनीर त्यांना रबरासारखं लागायचं. अंड्याचं नाव काढलं की त्या एवढंच म्हणायच्या, "माझं बोलणं देवीशी झालंय, त्या पोरीशी न्हाय."

मनीषा आता उलटी फिरली होती. व्हिडिओ तिने सोडून दिले होते. आईच्या पायाशी बसून ती विनवायची, देवी समजून घेईल, औषध म्हणून खा. वहिनी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू समोर बसलीयंस ना. मग मी कशी मोडू?" आईचा नवस तिच्याच जिवासाठी होता.

दादा आणखी एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, कितीतरी शाकाहारी पेशंट डायलिसिसवर नीट राहतात, बाईंना जबरदस्ती करू नका. दादांना जरा हलकं वाटलं. पण वहिनींची मनगटं बारीक होत चालली होती. बांगड्या कोपरापर्यंत वर जायच्या. सेंटरवरची मुलगी रिपोर्ट बघून मान हलवायची. एक डॉक्टर म्हणतो हरकत नाही, एक मुलगी म्हणते हरकत आहे, आणि दोघंही मनापासून सांगतात. दादा मला म्हणाले, "बाय, खोटं बोलणारा असता तर बरं झालं असतं. त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. हितं सगळेच खरे."

एक दिवस ते कामावर आले आणि डॉकवर न जाता माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "आज मी एक करायला गेलो."

सकाळी लवकर उठून त्यांनी तांदळाच्या पिठाचे घावन केले होते. पिठात अंड्यांचा पांढरा भाग फेटून घातला. वास दबावा म्हणून आलं, हिरवी मिरची, हळद, भरपूर कोथिंबीर. अंड्यांची टरफलं शेजारच्या उकिरड्यावर टाकून आले. घावन मऊ झाले होते, जाळी छान पडली होती. वहिनी ओटीवर बसल्या होत्या. दादांनी ताट त्यांच्यापुढे ठेवलं.

"तिनं तुकडा मोडला. तोंडाजवळ नेला. आणि बाय, माझ्या तोंडातनं निघून गेलं, थांब. मी ताट उचललं. बोललो, ह्यात अंडं हाय."

मी हातातली बिलं बाजूला ठेवली.

"ती बोलली, मला ठाऊक हाय. म्हटलं, कसं? बोलली, वास आला ना."

"मग?"

"मी विचारलं, मग तुकडा मोडलास कशाला? तर बोलते, तुम्ही एवढ्या पहाटे उठून केलंत."

दादांनी दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. फोनवर कुणीतरी गाडीच्या नंबरासाठी वाट बघत होतं. मी फोन ठेवून दिला.

"तिनं खाल्लं असतं, बाय," ते म्हणाले. "देवीचा शब्द मोडून खाल्लं असतं. मीच काढून घेतलं. आता मला सांग, मी बरं केलं की वाईट केलं?"

हा प्रश्न त्यांनी पुढे मला पुष्कळदा विचारला. कधी बरं केलंत म्हटलं, कधी माहीत नाही म्हटलं. दोन्हींनी त्यांना सारखंच वाटायचं.

त्यानंतर त्यांनी पुन्हा तसलं काही केलं नाही. वहिनींनीही विषय काढला नाही. मात्र दादांच्या डब्यातलं वरचं लहान पूड गेलं. मग कालवण गेलं. त्यांच्या डब्यात वहिनींचंच जेवण यायला लागलं, उकडून पाणी टाकलेला दुधी, बिनमिठाचा भात. कँटीनमध्ये मुलं त्यांच्यापुढे चिकन सरकवायची. "दादा, थोडा तो लो." ते हसून हात आडवा धरायचे.

मी एकदा सेंटरवर वहिनींना भेटायला गेले. खाटेवर त्या जेमतेम दिसत होत्या, शेजारी मशीन चालू होतं. दादा खाली औषध आणायला गेले होते. वहिनींनी मला जवळ बोलावलं.

"ते हापिसात जेवतात काय?"

"जेवतात."

"काय जेवतात ते मलाच ठाऊक हाय. मीच भरते ना डबा." त्यांनी माझा हात धरला. "त्यांना सांग, मच्छी खा म्हणावं. नवस माझा हाय, त्यांचा न्हाय. मी सांगून ऐकत न्हाईत."

मी जिन्यात दादांना गाठून निरोप दिला. ते औषधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "खायला काय, मी खाईन. घशाखाली उतरत न्हाय त्याला काय करू?"

पुढे फार दिवस गेले नाहीत. हातातल्या सुईच्या जागी इन्फेक्शन झालं, ताप चढला आणि तो उतरलाच नाही. भिवंडीच्याच हॉस्पिटलात वहिनी गेल्या. दुपारची वेळ होती. मनीषा आईचे पाय चोळत होती आणि दादा खिडकीशी उभे होते.

दिवसकार्य झाल्यावर दादा मला घेऊन त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले, जबरदस्ती करू नका म्हणणाऱ्या. भांडायला नव्हे. पेशंटच्या रांगेत बसले, नंबर आल्यावर आत गेले. डॉक्टरांनी ओळखलं, वाईट वाटल्याचं सांगितलं. दादांनी विचारलं, "साहेब, एकच विचारायचं हाय. तिनं अंडं खाल्लं असतं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, सांगता येत नाही. कदाचित थोडी ताकद राहिली असती. कदाचित हेच झालं असतं. साखर होती, हृदय कमजोर होतं. एका गोष्टीवर नसतं ते."

"हो की न्हाय, एवढंच सांगा."

"नाही सांगता येत, खरंच."

"दोन्हीतलं कुठलं पण चालेल, साहेब," दादा म्हणाले. "मी मानीन."

बाहेर पुढच्या नंबराचा पुकारा झाला. दादा उठले, त्यांना नमस्कार केला आणि आम्ही जिना उतरलो.

त्यांनी नोकरी सोडली. मनीषाने कल्याणला या म्हटलं, ते गेले नाहीत. फोन केला की बोलायचे, पावसाचं, शेताचं, मनीषाच्या मुलाचं. खाण्याचं कधी नाही. "जेवलात का?" असं मी सवयीने विचारायचे. "हां," म्हणायचे आणि दुसऱ्याच गोष्टीवर जायचे.

मागच्या हिवाळ्यात मी पडघ्याला काही कामासाठी गेले होते. बाजारात शेअर रिक्षा लागतात तिथे दादा दिसले. अंग उतरलं होतं, सदरा खांद्यावरून ओघळत होता. हाक मारायला मी पुढे झाले, तेवढ्यात दुसराच एक माणूस त्यांच्याजवळ पोचला. चाळिशीचा असेल, हातात कुठल्याशा सेंटरची फाइल. त्याने दादांना नमस्कार केला.

"दादा, तुमच्याकडं वहिनींचं डायलिसिस होतं ना? माझ्या बाचं चालू झालंय परवापासनं. कोन बोलतो मच्छी द्या, कोन बोलतो अजाबात नको. तुळशीची माळ हाय त्याच्या गळ्यात. तुम्हाला सगळं ठाऊक हाय. काय देऊ त्याला?"

दादांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं. परत उघडलं. मी जवळच उभी होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते त्या माणसाच्या तोंडाकडे बघत त्याचा हात नुसता थोपटत राहिले. रिक्षावाल्याने दोनदा आवाज दिला, एकच सीट बाकी होती. दादांनी त्याचा हात सोडला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर, अर्धे आत असे बसले. रिक्षा सुटली आणि ट्रकांच्या मागे दिसेनाशी झाली.

तो माणूस फाइल धरून तिथेच उभा होता.